सातव्या खेळाडूची शीर्षकं

माझ्या धंद्याचं नाव गावात सांगायची सोय नाही. "मोबाइलचे खेळ बनवतो" म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग बाबांकडे, आणि बाबांकडे बघताना त्याच्या डोळ्यांत दया असते. पुण्याच्या कंपनीने काही महिने घरून काम करायला सांगितलं होतं, ते कायमचंच झालं. तेव्हापासून मी उमरखेडजवळच्या आमच्या गावात, माडीवरच्या खोलीत, एका बाजूला कापसाचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला खिडकी अशा जागी बसून खेळ बनवतो. खिडकीजवळ रेंज जरा बरी येते.

मध्यंतरी कंपनीने राजकारणाच्या डावपेचांचा एक खेळ काढायला घेतला. खेळणाऱ्याने ग्रामपंचायतीच्या सदस्यापासून सुरुवात करायची आणि डाव टाकत टाकत आमदारकीपर्यंत जायचं. त्यातला एक भाग माझ्या वाट्याला आला, खेळातला राजकीय ब्लॉग. खेळाडूने आपल्या पुढाऱ्याच्या नावाने लेख टाकायचा, खेळातल्या गावाने तो वाचायचा, आणि शेतकरी, मजूर, तरुण पोरं, बचत गटाच्या बाया अशा चार गटांची मतं त्याप्रमाणे इकडची तिकडे सरकायची. मी त्याला 'चावडी' नाव दिलं. साहेब लोक नावावरच खूश झाले.

मोकळं लिहू द्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. लोकांना मोकळं लिहू दिलं की ते शिव्या लिहितात, आणि त्या निवडत बसायला माणसं ठेवावी लागतात. म्हणून लेखाचा मजकूर तयार वाक्यांमधून निवडायचा. आश्वासनाची वाक्यं, आरोपाची, अभिनंदनाची, श्रद्धांजलीची. शीर्षक तेवढं खेळाडूने स्वतः टाइप करायचं, तेही पन्नास अक्षरांच्या आत. पन्नास अक्षरांत कोण काय असे दिवे लावणार आहे, असं बैठकीत मीच म्हणालो होतो.

वाक्यं गोळा करायला मला लांब जावं लागलं नाही. बाबा घरातच होते. बाबा पाच वर्षं सरपंच होते. कागदावर आई होती, कारण जागा बाईसाठी राखीव निघाली होती. पण आजही रस्त्यावरून कोणी "ओ सरपंच" अशी हाक मारली तर मान बाबाच वळवतात आणि आई चहा ठेवायला आत जाते. तर बाबांनी मला जे शिकवलं ते कोणत्याही पुस्तकात नाही.

"आरोप माणसावर नाई करा लागत," ते म्हणाले, "त्याच्या साळ्यावर करा लागते. माणूस खुलासा करू शकते. साळ्याचा खुलासा कोण करीन?"

श्रद्धांजलीबद्दल त्यांचं मत आणखी पक्कं होतं. "श्रद्धांजली पह्यले आपली गेली पाह्यजे. दुसऱ्याची पह्यले गेली का मयताचं अख्खं घर तिकडं सरकते. मंग तू तेरवीचं जेवण वाढ, नाई तं आणखीन काही कर."

मी हे सगळं सूत्रात बसवलं. आधी टाकलेल्या श्रद्धांजलीला दुप्पट वजन. साळ्यावरच्या आरोपाला जास्त वजन. पुण्यात वाचून लोक पोट धरून हसले आणि म्हणाले, हा माणूस गावात बसलाय तेच बरं.

मग आला राखीव जागेचा प्रश्न. खेळाडू मेहनतीने वर चढलेला असतो आणि सोडतीत त्याची जागा बाईसाठी निघते. खेळ तिथेच अडतो. खेळाडू चिडतो आणि फोनवरून खेळ काढून टाकतो. यावर मी एक तोड काढली, आणि त्या तोडीचा मला फार अभिमान होता. 'घरातली' नावाचं कार्ड. बायको, आई, सून यांतलं एक कार्ड खेळाडूने पुढे करायचं आणि आपला डाव जसाच्या तसा चालू ठेवायचा. सही कार्डाची, चाल खेळाडूची. चित्रकाराने डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई काढून दिली. बाकीच्या पात्रांना आवाज द्यायला कलाकार बोलावले होते. हिला बोलायचंच नव्हतं, त्यामुळे ते काम वाचलं. बाकीची कार्डं दाबली की उघडायची आणि त्या माणसाची माहिती दिसायची. हे उघडत नव्हतं, कारण आत काही ठेवलेलंच नव्हतं.

बाबांना हे जेवताना सांगितलं. ते हसले. "बरोबर हाये," म्हणाले, "असंच असते." आई समोर बसून वाढत होती. ती हसली की नाही हे मला आठवत नाही, कारण मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

खेळ बाजारात आणण्याआधी खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघावा लागतो. मला आठ फोन पाहिजे होते. बाबा, बाबांचे दोन मित्र, आणि बसथांब्यासमोरच्या हॉटेलात दिवसभर देशाची चिंता करणारे चार जण, असे सात झाले. एक कमी पडत होता म्हणून खेळ आईच्या फोनवर टाकून दिला. कुठे दाबायचं ते एकदा दाखवलं. गावातले लोक हे लेख वाचतात आणि त्यावरून मत ठरवतात, एवढं सांगितलं. "नाई जमलं तं राहू दे," असंही म्हणालो.

"पाहीन मी," आई म्हणाली.

कोणाला कोणता क्रमांक मिळतो हे यंत्र ठरवतं. खेळणाऱ्याला पाळत वाटू नये म्हणून आम्हाला फक्त क्रमांक दिसतात, माणूस दिसत नाही.

त्याच दिवसांत आमच्या खऱ्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आणि सरपंचाची जागा पुन्हा बाईसाठी निघाली. बाबांना काडीचा फरक पडला नाही. "फॉर्म हिचाच," ते ओट्यावरून म्हणाले आणि हातातल्या फोनवर एकाच्या साळ्यावर आरोप टाकून मोकळे झाले. खेळात त्यांनी एका मित्राला असं काही उघडं पाडलं की तो दोन दिवस खरोखर आमच्या ओट्यावर आला नाही. आईला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मलाही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दोन आठवड्यांनी मी आकडे बघायला बसलो. आठपैकी सात खेळाडू ठीक होते. खेळाडू क्रमांक सातचं मात्र डोकं ठिकाणावर दिसत नव्हतं. याने लेख टाकले होते भरपूर, पण एकाही लेखात मजकूर नाही. शीर्षक टाकायचं आणि खाली एकही वाक्य न निवडता लेख पाठवून द्यायचा. माझ्या सूत्रात वजन फक्त मजकुराला होतं, त्यामुळे प्रत्येक लेखाखाली एकच उत्तर: प्रभाव शून्य. एकदा चुकलं तर माणूस सुधारतो. हा रोज चुकत होता. मला राग आला. इतकी सोपी रचना केली, मोठी मोठी बटणं दिली, तरी लोकांना दिसत कसं नाही! हॉटेलातल्या चौघांपैकी कोणीतरी टवाळी करतोय, असं मी धरून चाललो.

मी शीर्षकं वाचली नाहीत. रकान्यांतले आकडे बघितले आणि अहवालात लिहिलं: सातव्या खेळाडूला रचना कळलेली नाही, त्याची माहिती वगळावी, असा गैरवापर टाळण्यासाठी शीर्षकसुद्धा तयार यादीतूनच निवडायला द्यावं. पुण्याहून लगेच होकार आला. तात्पुरती दहा-बारा शीर्षकं घालून नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर पोचलीसुद्धा. कंपनीत इतकं झटपट काम मी कधी पाहिलेलं नाही.

आता तयार शीर्षकांची मोठी यादी करायची होती, म्हणून लोकांनी काय काय टाइप केलंय ते नमुन्यादाखल उघडलं. 'चोरांची टोळी हटवा.' 'आपला माणूस, हक्काचा माणूस.' 'भावपूर्ण श्रद्धांजली' तर नऊ वेळा, ती कोणी टाकली हे सांगायला नको. मग सातव्याची रांग आली.

मी सरपंच होती. पाच वर्सं.

मला हसू आलं. टवाळी पक्की, असं वाटलं. पुढचं वाचलं.

झेंडा असला का खुर्चीवर बसाले भेटे.

बाकी दिवस माही सही जाये. मी घरी.

इथपर्यंत मी खुर्चीत रेलून बसलो होतो. मग सरळ झालो.

टाकी तांड्यावर पाह्यजे होती. मी म्हणलतं.

कागदावर टाकी वरच्या आळीत. सही माहीच.

तांड्यावरच्या बाया इचारत, टाकी कुठी. चहा पाजला.

वावरातल्या विहिरीवर एक पाय घसरून पडली.

तिची कंबर माह्या सहीनं मोडली.

मी ते वाक्य वाचलं आणि उठून खिडकीत गेलो. ती बाई मला माहीत होती. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली. ती अजून काठी टेकत चालते. विहिरीवर पडली एवढं मला ठाऊक होतं. पाण्याची टाकी तिच्या दारात होता होता वरच्या आळीत, म्हणजे आमच्या आळीत, आमच्या घराच्या मागे आली होती, हे मात्र मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्या टाकीचं पाणी मी रोज पीत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा काखेत धरून गावाचं राजकारण पुण्याला समजावून सांगत होतो.

परत येऊन बसलो. अजून दोन शीर्षकं राहिली होती.

भाषण पोरानं लिहून देल्लं. टाकी नोती त्यात.

मी वाचलं. टाळ्या पडल्या.

ते भाषण मी लिहिलं होतं. कॉलेजात होतो, पंधरा ऑगस्टसाठी आलो होतो. बाबांनी मुद्दे सांगितले, मी ते सजवले. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती आणि काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली? मी खूप आठवून पाहिलं. मला फक्त माझंच उत्तर आठवतं: "आई, मधात बोलू नको, ओळ तुटते."

लाज वाटली असं म्हणणं फार गुळगुळीत होईल. मी हादरलो. घाबरलोसुद्धा. इतकी वर्षं एका घरात ताटाला ताट लावून जेवायचं आणि समोरच्या माणसाच्या पोटात काय आहे ते आपल्या कंपनीच्या रकान्यातून कळावं, यात घाबरण्यासारखं नाही तर काय आहे?

मग मला आणखी एक गोष्ट पाहायची बुद्धी झाली. पडद्यावर कोणी कुठे कुठे बोट ठेवलं याचीही नोंद होते. सातव्या खेळाडूने 'घरातली' कार्डावर बोट ठेवलं होतं. एकदा नाही, रोज. रोज येऊन ते कार्ड दाबून बघितलं होतं आणि ते रोज बंदच होतं.

मी खाली गेलो. दुपार होती. बाबा महागावला गेले होते. आई मागच्या पडवीत चष्मा लावून फोन हातात घेऊन बसली होती. मला पाहिलं आणि फोन माझ्याकडे धरला.

"बाबू, याच्यात लिहाची जागा कुठी गेली?"

नवी आवृत्ती. शीर्षकाच्या चौकटीत बोट ठेवलं की मी तात्पुरती भरलेली वाक्यं खाली उघडत होती. पहिलंच होतं: 'विकासाचा ध्यास.'

"ते बंद केलं, आई," मी म्हणालो.

"कोणं?"

"मी."

तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ते सारं तू लिवलं?" मी विचारलं.

"मंग कोण लिवीन?"

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं ना. तूच तं म्हणलतं, गावातले लोक वाचतात म्हणून."

"आई, ते खेळातले लोक हायेत. खरे नाई. अन् खाली दरवेळेस शून्य येत होतं. तुले दिसत नोतं?"

"दिसत होतं," ती म्हणाली. "शून्य तं शून्य. पाच वर्सं काय येत होतं?"

मी त्या कार्डाचं विचारलं. ती म्हणाली, बाकी सगळे उघडतात, एखाद्या दिवशी ही पण उघडेल म्हणून बघत होते. तिचा आवाज अगदी साधा होता, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते सांगतानाचा असतो तसा. मग ती उठली आणि कापसातली किडकी कवडी वेचायला माडीवर, माझ्याच खोलीत, गेली.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला लांबलचक पत्र लिहिलं. शीर्षक मोकळं ठेवा, शीर्षकालाही वजन द्या, 'घरातली'ला बोलू द्या; तिने सही नाकारायची सोयसुद्धा खेळात पाहिजे. साहेबांनी फोन केला, गोड बोलले. म्हणाले, विचार चांगला आहे, पण एका खेळाडूसाठी रचना बदलत नसतात, आणि त्या खेळाडूची माहिती तर तुम्हीच वगळायला सांगितली होती ना? स्वतःच लावलेलं कुलूप आणि किल्ली पण मीच पुण्याला पाठवलेली.

मी मनाशी ठरवलं की पुण्याचं राहू दे, निदान बाबांशी बोलायचं. आईला पुन्हा उभं करताय तर तिला विचारा. या वेळी खुर्चीवर ती बसेल. एवढी दोनच वाक्यं होती. पहिल्या दिवशी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी बाबांचा मूड चांगला होता, तो घालवावासा वाटला नाही. तिसऱ्या दिवशी मूड वाईट होता. राजकारणावर खेळ बनवणाऱ्या माणसाची घरच्या ओट्यावर ही कथा. माझे बाबा दुष्ट नाहीत. कोणाच्या घरी काही झालं तर सगळ्यात आधी ते पोचतात, आणि फक्त मतांसाठी पोचतात असंही नाही. पण त्यांच्यासमोर मी अजून दहावीतलाच आहे, त्याला कोण काय करणार.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा कागदांची पिशवी घेऊन माडीवर आले. आईचं मतदार ओळखपत्र, आधार, फोटो, जातीचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात. उमेदवारी अर्ज आधी संगणकावर भरायचा असतो, मग छापून सही करून तहसीलला द्यायचा. मुदत संपायला एक दिवस होता.

"बस, भरून टाक," बाबा म्हणाले आणि कापसाच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

आत्ता बोल, मी स्वतःला म्हणालो. आणि अर्ज उघडला. नाव भरलं. पत्ता भरला. व्यवसायाच्या रकान्यात हात आपोआप 'गृहिणी' लिहून गेला. आमची सगळी शेती वेचणीपासून निंदणापर्यंत आई बघते, हे मला माहीत आहे. मोबाइल क्रमांक आला.

"माहा टाक," बाबा म्हणाले. "तिले कोण फोन करते."

मी बाबांचा नंबर टाकला. कोणी माझा हात धरला नव्हता. शेवटी मतदार ओळखपत्राचा क्रमांक घातला, बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं: या मतदाराचा अर्ज आधीच नोंदवलेला आहे.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बाबा म्हणाले, "तुह्यं मशीन खराब झालं." मी म्हणालो, मशीन ठीक आहे, आईच्या नावाने कोणीतरी अर्ज भरलाय. बाबांचा चेहरा लाल झाला. विरोधकांनी डाव साधला, बोगस अर्ज टाकला, आता तहसीलला जाऊन एकेकाला सोडत नाही, असं म्हणत ते उठलेसुद्धा. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी भरला."

आई जिन्यावर उभी होती. हाताला पीठ होतं.

"तू?" बाबा म्हणाले. "कधी? कुठी?"

"परवा. तांड्यावरची पोरगी नाई का, चौकात संगणकाचं सेंटर चालवते, तिच्याकडं. सही करून तहसीललेही देऊन आली. तिच्याच गाडीवर गेलती."

"अन् नंबर कोणाचा टाकला?"

"माहा."

बाबा परत खुर्चीवर बसले. खाली रस्त्यावरून कोणीतरी "सरपंच" म्हणून हाक मारली आणि बाबांनी मान वळवली नाही, किंवा त्यांना ऐकूच आलं नसेल. मग ते म्हणाले, "अवं, पण इचारा तं लागत होतं." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. आईने हाताचं पीठ झटकलं.

मला मात्र राहवलं नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं होतं. त्या दुपारी पडवीत आम्ही बोललो होतो. मला वाटलं होतं की आता मी तिच्या बाजूचा आहे.

"आई, मी चोवीस तास घरातच असतो. संगणक माह्याजवळ हाये. त्या पोरीकडं कायले गेली? मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं," आई म्हणाली, "तं तू बाबाले इचारलं असतं."

आणि ती पोळ्या करायला खाली गेली. लॅपटॉपवर मी भरलेला अर्ज तसाच उघडा होता, आणि मोबाइलच्या रकान्यात बाबांचा नंबर होता.